दंत क्ष-किरण परीक्षा आणि विकिरण-सुरक्षा : वैद्य व औषध-विक्रेते यांनी जाणावयाची मूलतत्त्वे



दाढ दुखू लागलेला रुग्ण प्रथम दंतवैद्याकडे जातोच असे नाही. ग्रामीण व निमशहरी भागात तो आधी औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी घेतो, दोन-चार दिवसांनी आपल्यासारख्या परिचित वैद्याकडे येतो आणि दंतवैद्याची पायरी सर्वांत शेवटी चढतो. तेथे 'फोटो काढावा लागेल' असे सांगितले गेले की पुन्हा आपल्याकडेच येऊन विचारतो, "डॉक्टर, त्या किरणांनी काही होणार तर नाही ना?" या प्रश्नाला आपण जे उत्तर देतो, त्यावर त्याची पुढील चिकित्सा बहुधा ठरते. म्हणून ते उत्तर ऐकीव माहितीवर आधारलेले नसावे. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन एवढेच आहे.

हे लिहिण्यास एक अनुभवही कारणीभूत आहे. सुमारे आठ वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यातील एक गर्भिणी खालच्या डाव्या दाढेच्या शूलासाठी माझ्याकडे आली. दंतवैद्याने क्ष-किरण चित्र काढण्यास सांगितले होते आणि घरची मंडळी घाबरली होती. मी त्यांची भीती दूर करण्याऐवजी तिला दुजोरा दिला. "प्रसूतीनंतर पाहू, तोवर किरण नकोत," असे सांगून त्रिफळा क्वाथाचे गंडूष व दाढेत लवंग तेलाचा बोळा सुचविला. शूल कमी झाला, म्हणून सर्वांना बरे वाटले. बाराव्या दिवशी ती गालापासून हनुवटीखालपर्यंत शोथ, ज्वर आणि तोंड उघडत नाही अशा अवस्थेत आली. रुग्णालयात दाखल करून पूय काढावा लागला व दाढही काढावी लागली. सुदैवाने माता व बालक दोघेही सुखरूप राहिले. नंतर त्या दंतवैद्यांनी मला दूरध्वनीवर इतकेच म्हटले, "तेव्हाच पाठवलं असतंत तर एका फोटोवर आणि एका बैठकीत काम झालं असतं." त्यांचे म्हणणे यथार्थ होते. ज्या किरणांची मी भीती घातली, त्यांची मात्रा किती असते हेच मला ठाऊक नव्हते.

क्ष-किरण म्हणजे काय?

जर्मनीतील व्यूर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी या किरणांचा शोध लागला. त्यांचे स्वरूप अज्ञात होते म्हणून त्यांनी त्यांना 'क्ष' ही संज्ञा दिली. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना याच शोधासाठी मिळाले. प्रकाश आणि क्ष-किरण हे मूलतः एकाच जातीचे आहेत. मात्र क्ष-किरणांची ऊर्जा पुष्कळ अधिक असल्याने ते मांस, त्वचा यांतून पार जातात आणि दात, अस्थी यांसारख्या घन धातूंत अधिक प्रमाणात शोषले जातात. जेथे किरण पोहोचतात तेथे चित्र काळे दिसते व जेथे अडतात तेथे पांढरे. दाताला कृमिदंताने पोकळी पडली किंवा मुळाच्या टोकाशी अस्थी झिजली, की पांढऱ्या भागात काळा डाग उमटतो.

यंत्राचे कार्य समजून घेतल्यास एक मोठा गैरसमज दूर होतो. निर्वात नळीत तापलेल्या तारेतून निघणारे इलेक्ट्रॉन, दंतयंत्रात साधारण ६० ते ७० हजार व्होल्टच्या दाबाने, टंगस्टनच्या लक्ष्यावर आदळतात आणि त्या आघातातून क्ष-किरण उत्पन्न होतात. बटण दाबलेले असते तेवढ्याच काळात, म्हणजे सेकंदाच्या अल्पशा अंशात, ही क्रिया घडते. बटण सोडताच किरण संपतात. खोलीत, यंत्रात किंवा रुग्णाच्या शरीरात ते साठून राहत नाहीत. दिवा मालवल्यावर खोलीत प्रकाश उरत नाही, तसेच हे आहे. त्यामुळे 'किरण अंगात राहिले, ते बाहेर काढा' या मागणीला शास्त्रीय आधार नाही.

दुसरा गोंधळ कर्करोगावरील किरणोपचाराशी होतो. आपल्याकडे त्याला 'शेक देणे' किंवा 'लाइट देणे' म्हणतात. त्यात व्याधिग्रस्त पेशी नष्ट करण्याच्या हेतूने अत्यंत मोठी मात्रा दिली जाते; मुखाच्या व कंठाच्या कर्करोगात ती बहुधा ६० ते ७० ग्रे इतकी असते. निदानासाठीचे दंतचित्र त्याच्या तुलनेत अत्यल्प मात्रेचे असते. नाव एक असले तरी प्रयोजन व मात्रा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

इतिहासातील धडा

राँटगेन यांचा शोध प्रसिद्ध झाल्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना तब्बल २५ मिनिटे किरणांसमोर राहावे लागले. त्या काळी या किरणांपासून अपाय होतो ही जाणीवच नव्हती.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स हे दंत क्ष-किरणविद्येचे एक आद्य प्रवर्तक. नळी योग्य चालते की नाही हे पाहण्यासाठी ते प्रत्येक वेळी आपलाच हात किरणांसमोर धरीत. वर्षानुवर्षे हे घडल्यावर त्यांच्या हाताला कर्करोग झाला. अनेक शस्त्रकर्मे झाली. बोटे, मग हात व शेवटी बाहू गमवावा लागला. १९२८ मध्ये त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपविली. याउलट बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांचा हात १८९८ मध्ये भाजला आणि ते सावध झाले. १९०१ मध्ये त्यांनी गिनीपिग प्राण्यांवर प्रयोग करून हे किरण प्राणघातक ठरू शकतात असे दाखविले. नळी शिशाच्या आवरणात ठेवावी, किरणांचा झोत आवश्यक तेवढाच असावा, रुग्णाचा अन्य भाग झाकावा, या त्यांच्या सूचनांकडे समकालीनांनी फारसे लक्ष दिले नाही. आज सर्वत्र पाळल्या जाणाऱ्या सुरक्षानियमांचे मूळ मात्र त्यांच्यात सापडते.

या दोघांच्या चरित्रातून लक्षात येते की क्ष-किरण निरुपद्रवी नाहीत. त्याचबरोबर हेही ध्यानात घेतले पाहिजे की केल्स यांना झालेला अपाय सहस्रावधी वेळा, संरक्षणाविना, थेट झोतात हात धरल्याचा परिणाम होता. एका रुग्णाच्या एका चित्राशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

मात्रेचा विचार

आयुर्वेदाच्या अभ्यासकाला मात्रेचे महत्त्व निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. वत्सनाभ शोधित व योग्य मात्रेत असता औषध आहे, अन्यथा विष. किरणांचेही मोजमाप केल्याखेरीज त्यांना विष किंवा निर्विष म्हणणे योग्य नव्हे.

विकिरणाचा शरीरावरील एकूण परिणाम सीव्हर्ट या एककात मोजतात. हे एकक फार मोठे असल्याने व्यवहारात त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिसीव्हर्ट आणि दशलक्षावा भाग म्हणजे मायक्रोसीव्हर्ट वापरतात. तुलनेसाठी निसर्गाकडे पाहावे. भूमीतील खनिजे, हवेतील रेडॉन वायू, अवकाशातून येणारे किरण आणि अन्नातील पोटॅशियमसारखी द्रव्ये यांमुळे पृथ्वीवरील प्रत्येक मनुष्याला विकिरण मिळतच असते. त्याची जागतिक सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट, म्हणजे दिवसाला साधारण ६ ते ७ मायक्रोसीव्हर्ट आहे.

आता दंतपरीक्षांकडे वळू. एक-दोन दातांचे लहान चित्र, ज्याला दंतवैद्य 'आयओपीए' म्हणतात, त्यात आधुनिक साधनांनी सामान्यतः १ ते ८ मायक्रोसीव्हर्ट इतकी मात्रा मिळते. म्हणजे साधारण एका दिवसाचे नैसर्गिक विकिरण. दोन्ही जबडे एकत्र दाखविणाऱ्या 'ओपीजी' चित्रात ती बहुधा ३ ते २५ मायक्रोसीव्हर्टच्या दरम्यान, म्हणजे फार तर चार दिवसांचे विकिरण. जबड्याचे त्रिमित चित्र देणाऱ्या 'सीबीसीटी' परीक्षेत यंत्र व क्षेत्र यांनुसार फार तफावत पडते. ही मात्रा काही दशक मायक्रोसीव्हर्टपासून कधी १००० च्या आसपासही जाते. रुग्णालयात होणाऱ्या डोक्याच्या सीटी स्कॅनची मात्रा सुमारे २ मिलिसीव्हर्ट, म्हणजे दहा महिन्यांचे नैसर्गिक विकिरण होय. यावरून 'फोटो म्हणजे फोटो' असे सरसकट म्हणून चालणार नाही, हे दिसून येईल. कोणती परीक्षा, हे विचारल्यावाचून तिच्याविषयी मत देऊ नये.

केरळमधील करुनागप्पळ्ळी किनाऱ्यावर मोनाझाइटयुक्त वाळूमुळे नैसर्गिक विकिरण इतर प्रदेशांच्या कित्येक पट अधिक आहे. तेथील रहिवाशांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या विकिरणामुळे कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही. याचा अर्थ विकिरण निर्दोष आहे असा काढू नये. मात्र अल्प मात्रेचा अपाय असलाच तर तो मोजण्याइतकाही कठीण आहे, एवढे निश्चित.

अपाय कसा होतो?

विकिरणाचे परिणाम दोन प्रकारचे मानतात. पहिल्या प्रकारात विशिष्ट मर्यादा ओलांडल्यावरच अपाय होतो. उदाहरणार्थ त्वचा लाल होण्यास सुमारे २ ग्रे आणि नेत्रभिंग धूसर होण्यास सुमारे ०.५ ग्रे मात्रा लागते. दंतचित्रांत या मर्यादेच्या जवळपासही कोणी पोहोचत नाही. दुसऱ्या प्रकारात पेशीतील जनुकद्रव्याला इजा होऊन कालांतराने कर्करोग संभवतो. येथे सुरक्षित अशी सीमारेषा नाही असे गृहीत धरून, जितकी मात्रा तितकी शक्यता, असा सावधपणाचा हिशेब केला जातो.

आंतरराष्ट्रीय विकिरण संरक्षण आयोगाच्या २००७ मधील शिफारशींनुसार हा धोका एका सीव्हर्टला सुमारे ५ टक्के धरतात. त्या हिशेबाने ५ मायक्रोसीव्हर्टच्या एका दंतचित्राचा धोका सुमारे ४० लाखांत एक इतका येतो. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२२ साठीच्या अंदाजानुसार आपल्या देशात नऊ व्यक्तींपैकी एकीला आयुष्यात कर्करोग होण्याची शक्यता आहे. तंबाखू, मिश्री व गुटखा सोडविण्याचा आग्रह आपण एका चित्राच्या भीतीपेक्षा शतपटीने अधिक धरावा, हे यातून स्पष्ट व्हावे.

२०१२ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासाने दंत क्ष-किरण आणि मेंदूच्या आवरणातील मेनिन्जिओमा नावाची गाठ यांचा संबंध दर्शविला आणि वृत्तपत्रांतून मोठी चर्चा झाली. त्या अभ्यासात किती चित्रे काढली हे रुग्णांच्या स्मरणावरून नोंदविले होते, म्हणून त्यावर आक्षेपही घेतले गेले. शिवाय त्यातील अनेक रुग्णांची चित्रे पूर्वीच्या काळातील, म्हणजे आजच्यापेक्षा अधिक मात्रेची होती. असा अभ्यास दुर्लक्षणीय नाही. पण त्यातून निघणारा बोध 'अनावश्यक चित्र काढू नये' हा आहे, 'आवश्यक चित्र टाळावे' हा नव्हे.

चित्र कशासाठी?

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात ६५ मुखरोग सांगितले असून त्यांत दंतमूलगत १५ व दंतगत ८ आहेत. दर्शन, स्पर्शन व प्रश्न यांनी त्यांपैकी बरेच ओळखता येतात. तथापि दंतमूलाच्या आत जे घडते ते डोळ्यांना दिसत नाही. दोन दातांच्या मध्ये लपलेला कृमिदंत, मुळाच्या टोकाशी झालेला विद्रधी, हिरडीखाली झिजलेली अस्थी, अर्धवट अडकलेली अक्कलदाढ, मुळाचा भंग, जबड्यातील ग्रंथी यांचे ज्ञान चित्रावाचून होणे कठीण.

दंतनाडीचे उदाहरण बोलके आहे. नाडीव्रणाची गती जाणण्यासाठी आपल्याकडे एषणीचा उपयोग सांगितला आहे. आजचा दंतवैद्य हिरडीवरील नाडीच्या मुखातून गटापर्चाची बारीक शलाका आत सरकवतो आणि चित्र घेतो. शलाका ज्या मुळापाशी थांबलेली दिसते तोच दात दोषी. तत्त्व एषणीचेच, केवळ साधन नवे. शेवटच्या दाढेपाशी मोठा शोथ असणारा अधिमांस आणि अक्कलदाढ अडकल्याने होणारा शोथ यांचे साम्यही अनेक विद्वानांनी दाखविले आहे. तेथे दाढ कोणत्या दिशेने अडकली आहे हे चित्रावाचून कळत नाही.

चित्राच्या मर्यादाही जाणून असाव्यात. अस्थीतील खनिजांचा बराच अंश, सामान्यतः ३० ते ५० टक्के, नष्ट झाल्यावरच झीज चित्रात स्पष्ट दिसते. त्यामुळे प्रारंभीच्या अवस्थेत चित्र निर्दोष दिसले तरी रोग नाही असे म्हणता येत नाही. रुग्णपरीक्षा प्रथम व चित्र नंतर, हाच योग्य क्रम.

सुरक्षेची तत्त्वे व व्यवहार

विकिरण-सुरक्षेचा विचार तीन तत्त्वांवर उभा आहे. पहिले, औचित्य : चित्रामुळे चिकित्सेच्या निर्णयात फरक पडणार असेल तरच ते काढावे. दर सहा महिन्यांनी सर्वांचे चित्र काढावे असा नियम कोठेही नाही. रुग्णाची तपासणी करूनच ते ठरवावयाचे असते. दुसरे, इष्टतमता : निदानास पुरेसे स्पष्ट चित्र शक्य तितक्या अल्प मात्रेत मिळवावे. तिसरे, मर्यादा : यंत्रावर काम करणारे व सामान्य जनता यांना मिळणारी मात्रा ठरावीक सीमेत राहावी. आपल्या देशात कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट व कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट, तर सामान्य जनतेसाठी वर्षाला १ मिलिसीव्हर्ट अशी मर्यादा आहे. रुग्णाच्या निदानासाठी मात्र अशी संख्यात्मक सीमा नसते. तेथे औचित्य हीच कसोटी.

मात्रा कमी करण्याचे सर्वांत परिणामकारक उपाय यंत्राच्या रचनेत व वापरणाऱ्याच्या शिस्तीत आहेत. जुन्या 'डी' गतीच्या फिल्मपेक्षा २००० मध्ये आलेल्या 'एफ' गतीच्या फिल्मला सुमारे ६० टक्के कमी किरण लागतात. १९८७ पासून प्रचारात आलेल्या 'आरव्हीजी' या सेन्सर-पद्धतीत मात्रा अल्प असते आणि चित्र तत्काळ पडद्यावर दिसते. त्यात एक दोष मात्र संभवतो : चित्र सहज मिळते म्हणून पुन्हा पुन्हा काढण्याचा मोह होतो. गोल झोताऐवजी फिल्मच्या आकाराचा आयताकृती झोत वापरल्यास निम्म्याहून अधिक मात्रा वाचते. फिल्म रुग्णाने बोटाने धरण्याऐवजी धारकात बसविल्यास बोटाला किरण लागत नाहीत व चित्र चुकून पुन्हा काढण्याची वेळही कमी येते.

चित्र काढणाऱ्याने झोताच्या मार्गात न राहता किमान दोन मीटर दूर किंवा आडोशामागे उभे राहावे. अंतर दुप्पट केले की मात्रा चतुर्थांश होते, हा साधा नियम आहे. फिल्म किंवा यंत्राची नळी दंतवैद्याने वा साहाय्यकाने हाताने धरणे हा केल्स यांचाच प्रमाद पुन्हा करणे होय. लहान मुलाला धरावेच लागले तर ते काम पालकाने संरक्षक अ‍ॅप्रन घालून करावे; गर्भवती नातलगाने करू नये.

शिशाच्या अ‍ॅप्रनविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण याबाबतचा विचार अलीकडे बदलला आहे. रसशास्त्रातील नाग म्हणजेच शिसे हे जड असल्याने क्ष-किरण अडविते आणि म्हणून दीर्घकाळ प्रत्येक रुग्णाला अ‍ॅप्रन व कंठपट्टा घालण्याची रीत होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने नेमाने अ‍ॅप्रन व कंठपट्टा वापरणे थांबवावे अशी शिफारस केली. आधुनिक झोत मुळातच मर्यादित असतो. शरीराच्या आत विखुरणारे किरण बाहेरील अ‍ॅप्रनने अडत नाहीत. उलट कंठपट्टा झोतात आला तर चित्र बिघडून पुन्हा काढावे लागते, ही त्यामागील कारणे. आपल्याकडे अनेक दवाखान्यांत अ‍ॅप्रन वापरला जातो आणि रुग्णाला त्याने धीर येतो, यात गैर काही नाही. मात्र अ‍ॅप्रन घातला म्हणजे सर्व सुरक्षा झाली, किंवा घातला नाही म्हणजे निष्काळजीपणा झाला, असे दोन्ही समज सोडून द्यावेत. जेथे अ‍ॅप्रन आहे तेथे तो घडी न घालता टांगून ठेवावा. घडीवर आतील शिशाला भेगा पडतात.

गर्भिणी व बालक

गर्भिणीच्या दंतचित्रात झोत मुखावर असतो व गर्भाशय त्यापासून दूर. गर्भापर्यंत पोहोचणारी मात्रा ग्रेच्या एक लक्षांश भागाहूनही कमी असते, तर गर्भाला अपाय संभवतो असे मानली जाणारी मात्रा ०.०५ ग्रेच्या वर, म्हणजे किमान पाच हजार पट अधिक आहे. अमेरिकेतील स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१३ मध्येच, आवश्यक दंतचिकित्सा व दंतचित्रे गर्भावस्थेत सुरक्षित असल्याचे मत दिले. चौथा ते सहावा महिना दंतचिकित्सेसाठी विशेष सोयीचा मानतात. माझी रुग्णा नेमक्या याच काळात माझ्याकडे आली होती, हे येथे नमूद करणे मला प्राप्त आहे. अर्थात जे चित्र थांबू शकते ते प्रसूतीनंतर काढावे. पण पूय, शोथ किंवा असह्य शूल असता थांबणेच अधिक धोक्याचे.

बालकांच्या पेशी वेगाने वाढत असल्याने त्यांना विकिरणाचा धोका प्रौढांपेक्षा अधिक व आयुष्यही पुढे दीर्घ. म्हणून बालकांसाठी औचित्याची कसोटी अधिक कठोर असावी. यंत्रावरील कालमर्यादा बालकांसाठी कमी केलेली असावी आणि दंतवक्रतेच्या चिकित्सेत सीबीसीटी नेमाने न काढता गरजेपुरतीच काढावी.

नियमन

क्ष-किरण यंत्रांवर देखरेख करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले व त्याचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगर येथे आहे. दंतयंत्र मंडळाने मान्य केलेल्या नमुन्याचे असावे लागते आणि ते वापरणाऱ्या केंद्राने मंडळाच्या 'ई-लोरा' या संगणकीय प्रणालीतून परवानगी घ्यावी लागते. ज्या वैद्यबंधूंनी आपल्या रुग्णालयात दंतविभाग सुरू केला आहे अथवा जागा दंतवैद्याला भाड्याने दिली आहे, त्यांनी ही कागदपत्रे एकदा स्वतः पाहावीत. हातात धरून चालविण्याची स्वस्त, अमान्य यंत्रे कोणी विकत असल्यास ती दूर ठेवावीत. त्यांत नळीभोवतीचे आवरण अपुरे असल्यास हानी प्रथम चालविणाऱ्याचीच होते.

वैद्य व औषध-विक्रेत्यांचे कर्तव्य

रुग्णाने विचारल्यास 'काही होत नाही' असेही म्हणू नये व 'नको' असेही म्हणू नये. "हे चित्र साधारण एका दिवसाच्या नैसर्गिक विकिरणाएवढे आहे, उपचार ठरविण्यासाठी गरजेचे असेल तर अवश्य काढा," असे सांगावे. जुनी चित्रे जपून ठेवण्यास व दुसऱ्या दंतवैद्याकडे जाताना सोबत नेण्यास सांगावे. माझ्याकडे एक गृहस्थ वर्षभरात काढलेल्या चार ओपीजी चित्रांची पिशवी घेऊन आले होते. प्रत्येक ठिकाणी नव्याने चित्र काढले गेले, कारण जुने दाखविण्याचे त्यांना कोणी सुचविलेच नव्हते. गर्भधारणेची शक्यता असल्यास दंतवैद्याला आधी सांगावे, हेही स्त्रीरुग्णांना कळवावे.

किरण 'उतरविण्यासाठी' औषध मागणारा रुग्ण दुकानात आला तर ते देऊ नये. तुळशीच्या अर्काचे विकिरणापासून संरक्षण करण्याविषयी मणिपाल येथे १९९० च्या दशकात उंदरांवर प्रयोग झाले आहेत व ते अभ्यसनीय आहेत. परंतु तेथील मात्रा कित्येक ग्रेच्या होत्या. त्यांचा दाखला देऊन दंतचित्रानंतर काढे विकणे म्हणजे शास्त्राचा व आपल्या व्यवसायाचा अवमान होय. आयोडीनच्या गोळ्यांचाही येथे काही उपयोग नाही. त्या किरणोत्सारी आयोडीन शरीरात जाण्याचा संभव असतो तेव्हा द्यावयाच्या असतात, आणि क्ष-किरणांत असे कोणतेही द्रव्य शरीरात जात नाही.

दाढेसाठी वेदनाशामक घेणारा ग्राहक तिसऱ्यांदा आला तर त्याला दंतवैद्याकडे जाण्यास सांगावे. गालावर किंवा हनुवटीखाली शोथ, ज्वर, तोंड न उघडणे, गिळण्यास वा श्वासास कष्ट यांपैकी काहीही दिसल्यास ती आत्ययिक अवस्था समजून त्वरित रुग्णालयात पाठवावे. मधुमेही रुग्णांबाबत याहूनही दक्ष राहावे. गंडूष, कवल, प्रतिसारण यांचे स्थान मुखस्वास्थ्यात निःसंशय मोठे आहे. परंतु दंतमूलात साठलेला पूय त्यांनी निघत नाही, हे आपले शास्त्रही जाणते. पक्व विद्रधीला भेदन हीच चिकित्सा सांगितली आहे.

समारोप

रुग्ण आपल्यावर विश्वास टाकतो, म्हणूनच आपल्या एका शब्दाने तो चित्र काढतो किंवा टाळतो. वत्सनाभाची मात्रा गुंजेच्या अंशात मोजणाऱ्या वैद्याने किरणांविषयी बोलताना मात्र अंदाजाने बोलावे, हे उचित नाही. त्या गर्भिणीला मी दिलेला सल्ला सावधपणाचा वाटत होता. प्रत्यक्षात तो अज्ञानाचा होता. आता तिचा मुलगा शाळेत जातो. गेल्या वर्षी पडलेल्या दातासाठी ती त्याला घेऊन आली आणि तिने पहिलाच प्रश्न विचारला, "डॉक्टर, फोटो काढायला सांगितला आहे, काढू ना?" कोणता फोटो व कशासाठी, हे विचारून मी तत्काळ "काढा" असे सांगितले. माझ्या या चुकीतून कोणा एका वैद्यबंधूला तरी योग्य वेळी योग्य उत्तर देता आले, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.

इत्यलम्।